थायलंडमधली नाती, म्हातारपण आणि समलिंगी जोडपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकमध्ये राहायला लागल्यापासून ओळखीच्या मराठी घरांतून मला हे प्रश्न येत राहतात. कुणाच्या मुलाने इथली मुलगी पसंत केलेली असते, कुणाला निवृत्तीनंतर उत्तरेतल्या चियांग माय शहरात राहायचं असतं, कुणाची मुलगी आपल्या मैत्रिणीबरोबर इथे यायचा विचार करत असते. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण उत्तर देताना मी दरवेळी एकाच ठिकाणी येऊन पोचते: थाई घरात आई-वडिलांचं कोण बघतं? ते कळलं की बाकीचं बरंच उलगडतं. व्हिसाचे आणि नोंदणीचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी संबंधित कार्यालयात खात्री करून घ्या.

इथे राहणारे परदेशी लोक थाई नात्यांबद्दल सगळ्यात जास्त कुठे चुकतात?

नातं दोघांपुरतं असतं असं धरून चालतात, तिथे. ईशान्येकडच्या इसान भागातून बँकॉकला कामाला आलेली मुलगी दर महिन्याला पगारातला काही भाग घरी पाठवते. लग्नानंतरही पाठवते. युरोपातून आलेल्या नवऱ्याला वाटतं, सासरचे आपल्याला लुबाडताहेत. तिला वाटतं, याला आई-वडील आहेत की नाहीत? गिरणगावातल्या चाकरमान्याची कोकणात जाणारी मनीऑर्डर ज्यांनी घरात ऐकली-बघितली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

फरक एवढाच, की इथे ही जबाबदारी मुलींवर जास्त पडते. इसानात आणि उत्तरेत लग्नानंतर जावयाने सासरी राहायला जाण्याची जुनी रीत आहे. पुष्कळ घरांत शेवटी धाकटी लेक आई-वडिलांजवळ राहते आणि घर तिच्याकडे जातं. मुलगा काही दिवस किंवा महिने भिक्खू होतो. त्याचं पुण्य आई-वडिलांना लाभतं, आणि त्याचं ऋण बरंचसं फिटलं असं मानतात. मुलीला तो मार्ग नाही. ती पैसे पाठवून आणि हातापायाने सेवा करूनच ऋण फेडते. थाई दिवाणी संहितेतही मुलांनी आई-वडिलांचा सांभाळ केला पाहिजे असं कलम आहे, पण कलम माहीत नसलेले लोकही हे पाळतात.

म्हातारा परदेशी आणि तरुण थाई बायको अशी जोडपी इतकी का दिसतात?

पट्टाया, हुआ हिन, उदोन थानी या ठिकाणी दिसतात, कारण परदेशी निवृत्त लोक तिथे जमले आहेत. बाकी थायलंडमधली जोडपी जगात सगळीकडे असतात तशीच आहेत: कॉलेजात, ऑफिसात, गावच्या जत्रेत भेटलेली, साधारण एका वयाची. पट्टायावरून थाई बायकांबद्दल मत बनवणारे लोक मला रोज भेटतात, आणि ते ज्या भाषेत बोलतात ती ऐकवत नाही. वेश्याव्यवसाय इथे कायद्याने गुन्हा आहे (सध्याचा कायदा १९९६ चा), तरी काही रस्त्यांवर तो उघड चालतो, हेही खरं. पण त्या रस्त्यांवरून कोट्यवधी बायकांबद्दल बोलायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

अशा जोडप्यातल्या बायकोची गोष्ट पुष्कळदा अशी असते: पहिला नवरा सोडून गेला, मूल गावी आजीकडे, आणि आता तिला जबाबदारी घेणारा माणूस हवा आहे. ती हे लपवत नाही. नवऱ्यालाही एकटं म्हातारं व्हायचं नसतं. दोघांना एकमेकांकडून काय हवंय ते दोघांना ठाऊक असतं, आणि कित्येक घरांत त्यातूनच माया निर्माण होते. आमच्या गल्लीत एक जर्मन आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. त्यांची बायको रोज सकाळी त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसायची, पावडर लावायची, मग चमच्याने तांदळाची पेज भरवायची. तिचं प्रेम खरं की पैशासाठी, यावर पूर्वी चर्चा करणारे त्यांचे मित्र तेव्हा भेटायलाही येत नव्हते.

सिन्सोत म्हणजे हुंडाच ना?

दिशा उलटी आहे. सिन्सोत मुलाकडून मुलीच्या आई-वडिलांना दिला जातो: त्यांनी मुलीला वाढवलं त्याची कृतज्ञता म्हणून. दिवाणी संहितेत त्याची व्याख्या आहे, आणि मुलीच्या बाजूने चूक होऊन लग्न झालंच नाही तर तो परत मागता येतो. रकमेला ठरलेला आकडा नाही. मुलीचं शिक्षण, घरची परिस्थिती, आधी लग्न झालंय का, यावर बोलणी होतात. सुखवस्तू घरं पुष्कळदा रक्कम नंतर नवराबायकोलाच परत करतात. तेही आधी विचारून घ्यावं, आणि थेट मुलीच्या आईशी न बोलता कुणा मोठ्या माणसाला मध्ये घालून विचारावं.

समारंभ बघण्यासारखा असतो. इसानातल्या खोन केनजवळच्या एका लग्नात मी होते. नवरदेवाची वरात ढोल वाजवत, नाचत आली. दारापर्यंत पोचेतो दोन-दोन मुली सोन्याची साखळी आडवी धरून वाट अडवत होत्या, आणि पाकीट दिल्याशिवाय पुढे सोडत नव्हत्या. आत चटईवर कापड अंथरून त्यावर नोटा पंख्यासारख्या मांडल्या, शेजारी सोनं ठेवलं. मावशांनी सगळ्यांसमोर मोजलं. मग त्यावर तांदूळ, मूग, तीळ आणि फुलांच्या पाकळ्या टाकल्या: हे धन असंच उगवू दे म्हणून. मुलीच्या आईने गाठोडं बांधून खांद्यावर घेतलं आणि भाराने वाकल्यासारखं करत "किती जड, किती जड" म्हणत चालू लागली. सगळं घर हसत होतं. नवरदेव स्वीडनचा होता आणि त्याचा चेहरा पडला होता. आपण बायको विकत घेतोय असं त्याला वाटत होतं. त्याला कुणीतरी चार दिवस आधी शेजारी बसवून हे सांगायला हवं होतं.

मग लग्न झालं का?

घरात झालं, कायद्याने नाही. भिक्खूंचे मंत्र, हातावर पाणी घालणं, जेवणावळ, यांपैकी कशालाच कायद्याचं वजन नाही. जिल्हा कार्यालयात नोंदणी लागते. बँकॉकमध्ये त्याला खेत म्हणतात, बाहेर आम्फे. परदेशी माणसाने आपल्या दूतावासातून अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, त्याचं थाई भाषांतर करायचं, परराष्ट्र मंत्रालयाकडून ते प्रमाणित करायचं, आणि मग नोंदणीला जायचं. लग्नाआधीचा मालमत्तेचा करार करायचा असेल तर तो नोंदणीच्या वेळीच नोंदवावा लागतो. नंतर केलेल्याला अर्थ नाही. लग्नानंतर मिळवलेलं घटस्फोटात निम्मं-निम्मं होतं, आधीचं ज्याचं त्याचं राहतं.

परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, लग्न केलं तरी नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतलं जास्तीत जास्त ४९ टक्के क्षेत्र परदेशी लोकांच्या नावावर असू शकतं.

समलिंगी लग्न कायदेशीर आहे का?

हो. प्रतिनिधीगृहाने मार्च २०२४ मध्ये आणि सिनेटने १८ जून २०२४ ला विधेयक मंजूर केलं. राजाच्या संमतीनंतर ते सप्टेंबरमध्ये राजपत्रात आलं आणि जानेवारी २०२५ च्या चौथ्या आठवड्यात लागू झालं. पहिल्याच दिवशी देशभरात अठराशेहून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. तैवान आणि नेपाळनंतर आशियात थायलंडचा क्रमांक लागतो, आग्नेय आशियात तो पहिला. संहितेतल्या कलमात पुरुष आणि स्त्री यांच्या जागी व्यक्ती आले, पती-पत्नीच्या जागी जोडीदार. लग्नाचं किमान वय १७ वरून १८ झालं. वारसा, मालमत्ता, दत्तक, उपचारांना संमती, हे सगळं जोडीदाराला मिळालं. जोडीदार परदेशी असला तरी चालतो.

एक मोठी उणीव राहिली. संहितेत आई आणि वडील हे शब्द तसेच आहेत, पालक असा बदल झाला नाही. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने जोडप्यासाठी मूल पोटात वाढवण्याचा, २०१५ चा कायदाही पती-पत्नीलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. मूल हवं असलेल्या जोडप्यांनी इथल्या वकिलाशी आधी बोलावं.

म्हणजे समलिंगी लोकांसाठी थायलंड स्वर्ग आहे असं म्हणतात ते खरं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं.

पर्यटकाला जे दिसतं ते खोटं नाही. दुकानात, बँकेत, विमानतळावर ट्रान्स स्त्रिया काम करताना दिसतात. दोन पुरुष हातात हात घालून बाजारात फिरतात आणि कुणी वळून बघत नाही. दोन तरुणांच्या प्रेमाच्या मालिका देशभर बघितल्या जातात आणि त्यातल्या नटांचे चाहते आशियाभर आहेत. समलिंगी संबंध हा गुन्हा १९५० च्या दशकातच दंडसंहितेतून गेला. आपल्याकडे त्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

पण हे सगळं आपोआप मिळालं, बुद्धाच्या देशात लोक मुळातच सहिष्णू आहेत, असं परदेशी लोक सांगतात तेव्हा मला राहवत नाही. अंजरी ही समलिंगी स्त्रियांची संघटना १९८६ पासून झगडत आली. १९९६ मध्ये राजभट संस्थांनी, म्हणजे जिथे शिक्षक तयार होतात तिथे, समलिंगी विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी केली होती. ती पुढच्या वर्षी मागे घ्यावी लागली, कारण लोक रस्त्यावर आणि वर्तमानपत्रांतून भांडले. फेब्रुवारी २००९ मध्ये चियांग मायची प्राइड मिरवणूक (समलिंगी आणि ट्रान्स लोकांची) जमावाने कोंडून बंद पाडली, आणि त्या शहरात ती पुन्हा निघायला दहा वर्षं गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये घटना न्यायालयाने लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच असणं घटनेला धरून आहे असा निकाल दिला होता. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांत कायदा बदलला. ज्यांनी सह्या गोळा केल्या, संसदेच्या दारात उभे राहिले, त्यांचं हे श्रेय आहे. ते हवापाण्याच्या नावावर मांडू नये.

आणि घरात काय? घरात बहुतेक वेळा गप्प बसतात. मुलगा समलिंगी आहे हे आईला माहीत असतं, मुलाला माहीत असतं की आईला माहीत आहे, आणि जेवताना त्याचा मित्र शेजारी बसलेला असतो. नाव मात्र कुणी घेत नाही. मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ असं म्हणून दया दाखवणारे वडीलधारेही आहेत. दया म्हणजे स्वीकार नव्हे. मुलगा पैसे पाठवतो, आईला दवाखान्यात नेतो, सणाला घरी येतो, तोवर त्याच्या प्रेमावरून भांडण होत नाही. ज्याच्याकडे पाठवायला पैसे नाहीत, त्याला हीच सहिष्णुता पुष्कळ कमी वाट्याला येते. चिनी वंशाच्या व्यापारी घरांत थोरल्या मुलावर वंश चालवण्याचं ओझं वेगळं असतं, आणि दक्षिणेच्या मुस्लिमबहुल प्रांतांत चित्र आणखी वेगळं आहे.

ट्रान्स व्यक्तींची कायदेशीर स्थिती कशी आहे?

दिसण्यापेक्षा पुष्कळ वाईट. शस्त्रक्रियेसाठी जगभरातून लोक बँकॉकला येतात, पण इथल्या ट्रान्स स्त्रीला ओळखपत्रावरचं श्री बदलून घेता येत नाही. लिंगओळखीच्या कायद्याचा एक प्रस्ताव फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने फेटाळला. बँकेत, परदेशच्या विमानतळावर, दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात टाकलं जातं तेव्हा, हे एक अक्षर आडवं येतं. दर एप्रिलमध्ये २१ वर्षांच्या मुलांची सैन्यभरतीची सोडत असते. ट्रान्स स्त्रियांनाही तिथे हजर राहून कागद दाखवावे लागतात. पूर्वी त्यांच्या सुटकेच्या कागदावर कायमचा मानसिक विकार असं लिहीत, आणि तो कागद नोकरी मागताना पुढे करावा लागे. न्यायालयात लढून २०११ मध्ये ते शब्द काढायला लावले. २०१५ चा लिंगसमानता कायदा भेदभावाविरुद्ध तक्रारीचा हक्क देतो. २०१९ मध्ये तान्वारिन सुक्खापिसित या देशाच्या पहिल्या ट्रान्स खासदार झाल्या.

दोघं भारतीय असू तर इथे केलेलं समलिंगी लग्न भारतात चालेल का?

आज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात असं लग्न मान्य केलेलं नाही आणि तो विषय संसदेवर सोडला. म्हणून पुण्यातल्या फ्लॅटवर, भविष्यनिर्वाह निधीवर, बँकेतल्या ठेवीवर जोडीदाराचा हक्क गृहीत धरू नका. मृत्युपत्र करा. स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही देता येते. विमा आणि ठेवींवर नामनिर्देशन तपासा. इथल्या नोंदणीसाठी लागणारं प्रमाणपत्र तुमच्या बाबतीत मिळतं का, हे तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

निवृत्त होऊन इथे राहायचं तर काय लागतं?

वय ५० पूर्ण, आणि थाई बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न. थाई जोडीदार असेल तर त्या व्हिसाला ४ लाख किंवा महिना ४० हजार. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. निवृत्तीच्या व्हिसावर काम करता येत नाही, अगदी ओळखीच्या हॉटेलात मदत म्हणूनही नाही. भारतातून पैसे आणताना रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा लक्षात ठेवा. आरोग्य विमा साठीच्या आत घ्या. सत्तरीनंतर मिळणं कठीण, मिळाला तर हप्ता झेपत नाही, आणि चांगली खासगी रुग्णालयं स्वस्त नाहीत.

थाई लोक स्वतः म्हातारपणी कसे राहतात? इथे वृद्धाश्रम नाहीत का?

आहेत, पण तिथे जाणं लोकांना खुपतं. बँकॉकमधला बांग खेचा सरकारी वृद्धाश्रम १९५३ पासून आहे, आणि त्या जागेचं नावच आता म्हातारपणी एकटं पडण्यासाठी वापरतात. बिनलग्नाच्या मैत्रिणी एकमेकींना म्हणतात, आपण दोघी बांग खेला जाऊ.

देश झपाट्याने म्हातारा झाला. १९६० च्या दशकात बाईला सरासरी सहा मुलं होती. मग मेचाई विरावैद्य यांच्यासारख्या माणसांनी गावोगावी निरोध वाटत कुटुंबनियोजन हसत-खेळत लोकांच्या गळी उतरवलं. आता पाचातला एक माणूस साठीपुढचा आहे आणि २०२४ मध्ये वर्षभरातले जन्म पाच लाखांच्या खाली आले. सरकारी वृद्धभत्ता साठीत महिना ६०० बाट, नव्वदीपुढे १००० बाट. त्यात महिन्याचा भाजीपालाही भागत नाही. २००१ पासूनच्या ३० बाटच्या सरकारी आरोग्य योजनेमुळे उपचार मिळतात, आणि दहा लाखांवर गाव आरोग्य स्वयंसेवक घरोघरी जाऊन रक्तदाब मोजतात. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री कोण उठवतं? मुलगीच उठवते.

आणि पुष्कळ घरांत लग्न न केलेलं मूल. आमच्या शेजारी एक टॉम आहेत, म्हणजे पुरुषी पेहरावात वावरणाऱ्या, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या बाई. भाऊ-बहिणी संसाराला लागले, या आईजवळ राहिल्या, जोडीदारीणही सोबत. आता आई दोघींच्या हातचं खाते आणि देवळात जाताना दोघींचे हात धरते. नात्याबद्दल त्या घरात कधी बोलणं झालं नाही असं त्या सांगतात. नवा कायदा आल्यावर दोघींनी नोंदणी केली ती दवाखान्याच्या कागदांसाठी. आईच्या उपचारांवर सह्या करताना आपल्या बाबतीत कोण सही करेल, हा प्रश्न त्यांना पडला होता.

एकट्या परदेशी वृद्धाने काय तयारी ठेवावी?

तीन कागद. एक, थायलंडमधल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र, थाई भाषेसह. मृत्युपत्र नसेल तर बिननोंदणीच्या जोडीदाराला काही मिळत नाही, कितीही वर्षं सोबत काढलेली असली तरी. दोन, उपचारांबद्दलचं इच्छापत्र. २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याच्या १२ व्या कलमानुसार केवळ आयुष्य लांबवणारे उपचार नको असं लिहून ठेवता येतं. तीन, कुणाला कळवायचं त्याचे फोन, घराच्या दाराजवळ, थाईत लिहिलेले. शेजाऱ्यांशी ओळख ठेवा. रोज दिसणारा माणूस दोन दिवस दिसला नाही तर कोपऱ्यावरची भाजीवाली आधी दार वाजवते, दूतावास नाही.

आपल्याकडे, म्हणजे भारतीयांकडे, थाई लोक कसे बघतात?

गोऱ्याला फरांग म्हणतात आणि आपल्याला खेक. घर भाड्याने घेताना मसाल्याच्या वासावरून, कातडीच्या रंगावरून बोलणी ऐकावी लागतात. हे मी सौम्य करून सांगणार नाही. दुसऱ्या बाजूला गणपती इथे घराघरांत आहे. बँकॉकमधल्या सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर गणपतीचं आणि त्रिमूर्तीचं स्थान शेजारी-शेजारी आहे. गुरुवारी रात्री साडेनऊला त्रिमूर्तीपुढे लाल गुलाब आणि लाल उदबत्त्या घेऊन तरुणांची गर्दी होते. जोडीदार मिळावा म्हणून मागणं मागतात. मुली मुलांसाठी मागतात, मुलं मुलांसाठी मागतात, आणि शेजारच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

मी माझ्या जोडीदारासोबत इथे राहतो. आई-वडिलांना नाशिकहून बोलवावं का? त्यांना हे पचेल का?

बोलवा. हॉटेलात न ठेवता घरी ठेवा. रात्रीचे बार आणि ट्रान्स कलाकारांचे कार्यक्रम दाखवायची घाई करू नका. त्यांना तुमच्या गल्लीतला बाजार दाखवा, जिथे विक्रेते तुम्हा दोघांना ओळखतात. शक्य असेल तर सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, बोलवा. १३ एप्रिल हा इथे ज्येष्ठांचा दिवस आणि १४ एप्रिल कुटुंबाचा. मोठ्या माणसांच्या ओंजळीवर मोगऱ्याची फुलं टाकलेलं सुगंधी पाणी घालतात आणि ते आशीर्वाद देतात. तुमच्या जोडीदाराला तुमच्या आईच्या हातावर पाणी घालू द्या. तिने काय म्हणावं हे तिला शिकवू नका. मात्र सोंगक्रानला निम्मं बँकॉक गावी जातं, गाड्या आणि बस भरून जातात. दुसऱ्या गावी जायचं असेल तर आरक्षण खुलं झालं की लगेच करा.